दंडावर लावायचा शुगर सेन्सर: आप्पांना लावून बघितला, पैसे वसूल झाले का?

आधी निकालच सांगून टाकते, म्हणजे घाई असेल त्यांना खालचं सगळं वाचायला नको. डायबेटीस होऊन बरीच वर्षं झालीत, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, रिपोर्ट "बरे" येतात पण माणूस काही बरा दिसत नाही, अशांनी हा सेन्सर एकदा तरी लावावाच. एकदा. दर चौदा दिवसांनी नवीन लावत बसायची बहुतेकांना गरज नाही आणि परवडणारही नाही. आणि ज्यांना डायबेटीस नाहीच, फक्त रीलमध्ये बघून हौस आलीये, त्यांनी तेवढ्या पैशात चांगले बूट घ्यावेत आणि चालायला लागावं.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत, आणि तसंही बाजारात जे दोन-चार मिळतात त्यांचं आतलं काम सारखंच आहे.

तर आप्पा म्हणजे माझे वडील, वय ७१, एसटीत कंडक्टर होते, मिरजेत असतात आईबरोबर, मी पुण्यात. डायबेटीस अठरा-एकोणीस वर्षांचा जुना. अंगानं काटकुळे, पोट सोडलं तर कुठं मांस नाही, त्यामुळं "तुम्हाला कशी काय शुगर?" हे त्यांना आयुष्यभर लोकांनी विचारलंय. (यावर खाली लिहिते, कारण त्याचं उत्तर पुण्यातच सापडलेलं आहे.) दर तीन महिन्यांनी रिपोर्ट करायचे, उपाशीपोटीची ११५-१२०, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) सातच्या आसपास, डॉक्टर म्हणायचे छान आहे चालू ठेवा. पण सकाळी डोकं जड, चिडचिड, बनियन ओली, आई म्हणायची रात्री झोपेत बडबडतात. आम्ही म्हणायचो वय झालं, उकाडा आहे, मिरजेत डास किती. डॉक्टरांनीच शेवटी सांगितलं की एकदा चौदा दिवसांचा सेन्सर लावून बघूया.

आता घ्यायला गेलं तर पहिली अडचण. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरसाहेबांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून अख्ख्या दक्षिण महाराष्ट्रातनं आणि कर्नाटकातनं पेशंट इथं येतात, गल्लीगल्लीत मेडिकल. तरी सेन्सर कुणाकडे ठेवलेला नव्हता, "मागवून देतो उद्या येईल" असंच सगळीकडे. दुसरी अडचण फोनची. हे सुरू करायला फोनमध्ये एनएफसी (फोन सेन्सरजवळ नेला की दोघं जोडले जातात ती सोय) लागतं आणि आप्पांच्या साध्या फोनमध्ये ते नव्हतंच. हे डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, दुकानदार सांगत नाही. मग माझा जुना फोन त्यांना दिला. तुम्ही घेणार असाल तर आधी ज्याच्या खिशात फोन राहणार आहे त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा आणि मगच पैसे द्या, डबा फोडल्यावर परत घेत नाहीत.

लावणं मात्र एकदम सोपं. दंडाच्या मागच्या बाजूला स्पिरिटनं पुसायचं, वाळू द्यायचं (हे महत्त्वाचं, ओल्यावर लावलं तर चिकटत नाही), आणि तो शिक्क्यासारखा अॅप्लिकेटर दाबायचा, टक्क आवाज होतो, संपलं. आप्पा डोळे मिटून, दात दाबून बसले होते, टक्क झाल्यावर म्हणाले "लाव की गं, किती वेळ". आत सुई जाते पण ती लगेच बाहेर येते, मागे राहते ती अर्ध्या सेंटिमीटरची मऊ बारीक तार. वर जे दिसतं ते दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं पांढरं बटण. पहिला तासभर आकडा दाखवत नाही आणि पहिल्या दिवसाचे आकडे जरा इकडेतिकडे असतात, त्यावर फार विचार करायचा नाही.

हे काम कसं करतं ते थोडक्यात सांगते कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे रक्तातली शुगर मोजतं. रक्तातली नाही. कातडीखाली पेशींच्या मध्ये जे पाणी असतं त्यातली मोजतं. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, साखर त्याला भेटली की रासायनिक क्रिया होते, त्यातून अगदी बारीक करंट येतो, जेवढी साखर जास्त तेवढा करंट जास्त. रक्तातली साखर त्या पाण्यात उतरायला पाच-दहा मिनिटं लागतात, म्हणून जेवल्यावर शुगर भराभर चढत असेल किंवा उतरत असेल तेव्हा बोट टोचून काढलेल्या आणि सेन्सरच्या आकड्यात फरक पडतो आणि लोक म्हणतात मशीन खोटं आहे. खोटं नाही, थोडं मागून येतंय. आणि ग्लुकोमीटर तरी कुठं अचूक असतो? त्यालाही शंभरच्या वर पंधरा टक्के मागे-पुढे चालतं असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. एकच बोट लागोपाठ दोनदा टोचून बघा, कळेल.

एन्झाइम आणि इलेक्ट्रोड जोडून साखर मोजायची ही आयडिया काही आजची नाही, लेलँड क्लार्क नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं ती १९६२ मध्येच मांडली होती. म्हणजे विचार सुचल्यापासून तो मिरजेच्या मेडिकलमध्ये "उद्या येईल" म्हणून मिळेपर्यंत साठ वर्षं. टीव्हीवर "क्रांतिकारी शोध, आता डायबेटीस कायमचा बरा" अशी बातमी आली की मला हे साठ वर्षं आठवतात.

आमच्या घरात तर हा सगळा इतिहास होऊन गेलाय. आप्पांची आई, म्हणजे माझी आजी, तिलापण होता. तिची तपासणी म्हणजे परसात स्टोव्ह, काचेची नळी, त्यात ते निळं बेनेडिक्टचं औषध, आठ थेंब लघवी आणि उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त आणि विटेसारखं लाल झालं की आजीचा गूळ बंद. हे काम आप्पांकडे असायचं. आता विचार करा, रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली तरच ती लघवीत उतरते, म्हणजे नळी लाल होईपर्यंत काही तास उलटून गेलेले आणि शुगर खाली गेली असेल तर त्या नळीत काहीच कळणार नाही, निळं ते निळंच. आजीला कितीदा रात्री चक्कर आली असेल आणि आम्ही "पित्त झालं" म्हणालो असू कुणास ठाऊक.

नंतर बोट टोचायची मशीन आली. त्याचीही एक गोष्ट आहे, अमेरिकेत १९७० च्या सुमाराला पहिला मीटर आला तेव्हा तो फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटलला विकायचे, पेशंटला नाही. रिचर्ड बर्नस्टीन म्हणून एक इंजिनियर होते, लहानपणापासून टाइप वनचे (ज्यात शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करतं, त्या डायबेटीसचे) पेशंट, त्यांना पाहिजे होता, मिळेना, तर बायको डॉक्टर होती तिच्या नावावर घेतला. मग घरी रोज स्वतःची शुगर मोजून, डोस बदलून तब्येत सुधारली आणि हे डॉक्टर लोकांनी ऐकावं म्हणून शेवटी चाळिशी उलटल्यावर स्वतःच मेडिकलला अॅडमिशन घेतली. पेशंटच्या हातात आकडा द्यायचा की नाही यावर पन्नास वर्षांपूर्वी एवढी मारामारी होती आणि आज आप्पांचा आकडा मला पुण्यात ऑफिसात बसून दिसतो.

आता खाण्याचं. यासाठीच बरेच लोक सेन्सर घेतात आणि खरं सांगायचं तर पहिले चार दिवस मजाच येते. आषाढी एकादशी मध्ये आली, साबुदाण्याची खिचडी, दीड तासात २८६. उपवास! बरं पोटभर पण नव्हती, एक वाटी. भडंग थोडं थोडं खाल्लं तर निभतं पण भडंग थोडं कोण खातं. ज्वारीच्या भाकरीचा मात्र आमच्याकडे गैरसमज फुटला, आप्पांचं ठाम मत की भाकरीनं शुगर वाढतच नाही म्हणून ते पोळ्या दोन आणि भाकऱ्या तीन खायचे. दोन भाकरी-पिठल्यावर २१०, दोन पोळ्या-भाजीवर २२०, झालं, एवढाच फरक. (हा आमच्या घरातला आकडा, तुमच्याकडे वेगळा येईल, प्रत्येकाचं वेगळं असतं हाच तर मुद्दा आहे.) फरक कशानं पडला तर आधी काकडी-कोशिंबीर, मग आमटी-भाजी आणि भाकरी शेवटी, आणि जेवल्यावर लगेच आडवं न होता मिशन हॉस्पिटलपर्यंत एक चक्कर. तीच भाकरी, १७० च्या वर गेली नाही. हे डॉक्टर वीस वर्षं सांगतायत. पण सांगितलेलं वेगळं आणि आपल्या डोळ्यांनी रेघ खाली उतरताना बघितलेली वेगळी.

पण खाण्याचं हे सगळं बाजूला ठेवा, पैसे वसूल झाले ते रात्रीच्या भानगडीत.

पहिल्यांदा रात्री पावणेतीनला माझा फोन कोकलला, शुगर ६१, म्हणजे ७० च्या खाली, धोक्याची. मी घाबरून आईला फोन, आईनं आप्पांना उठवलं, बोट टोचलं तर १०४. आप्पा वैतागले. चूक सेन्सरची म्हणावी तर तसंही नाही, ते ज्या दंडावर सेन्सर त्याच कुशीवर झोपलेले, तिथं दाब पडला की खालचं पाणी सरकतं आणि आकडा खोटा खाली जातो. हे सगळ्या सेन्सरचं आहे, याला वैतागून लोक अलार्म बंद करतात आणि तिथंच घोळ होतो. कारण पुढच्या आठवड्यात परत वाजला, ५४. आप्पा म्हणाले, "कुशी बदलतो, तू झोप." आईनं तरीपण बोट टोचलं. ५८. बनियन पिळून काढावी अशी भिजलेली आणि ते विचारतायत गाडी कितीची आहे. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातनं दिलं, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, नव्वदच्या पुढं गेली, मग दोन बिस्किटं देऊन झोपवलं.

चौदा दिवस झाल्यावर अॅपमधून एक पानाचा ग्राफ निघतो, चौदा दिवस एकावर एक टाकून केलेला, डॉक्टर त्याला एजीपी म्हणतात. ओपीडीत बाहेर ही गर्दी. डॉक्टरांनी तो कागद हातात घेतला, मिनिटभर काही बोलले नाहीत, मग पेनानं रात्री दोन ते चारच्या मधला खड्डा गोल केला. म्हणाले, हे रोजच्या रोज होत असणार, कधी कमी कधी जास्त. दुपारी वर जाते, रात्री खाली जाते, आणि एचबीएवनसी म्हणजे शेवटी तीन महिन्यांची सरासरी, त्यात वरचं आणि खालचं एकमेकांना झाकून टाकतं. सकाळी लॅबवाला येईपर्यंत शरीर स्वतःच लिव्हरमधली साखर सोडून वर आणतं, म्हणून उपाशीपोटीची ११८, "छान". वेळ किती खाली होती ते पण त्यात येतं, आप्पांचा चार टक्के वेळ ७० च्या खाली. चार टक्के ऐकायला काही वाटत नाही, पण हिशोब केला तर दिवसाला जवळजवळ तास होतो. साधारण पेशंटला ७० ते १८० मध्ये सत्तर टक्के वेळ आणि ७० च्या खाली चार टक्क्यांपेक्षा कमी असं २०१९ पासून जगभरात धरतात, पण वय झालेल्या किंवा नाजूक पेशंटला वरचं धोरण सैल, पन्नास टक्के वेळ मध्ये असला तरी पुरे आणि खालचं मात्र एक टक्क्याच्या आत, कारण या वयात रात्री शुगर पडून माणूस बाथरूममध्ये पडला, खुब्याचं हाड मोडलं, की पुढचं सगळंच अवघड.

संध्याकाळची ग्लिमेपिराइडची गोळी बंद केली. (तुम्ही हे वाचून स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका प्लीज, ग्राफ घेऊन डॉक्टरांकडे जा.) तीन महिन्यांनी एचबीएवनसी सातावरून साडेसातच्या जवळ गेली. म्हणजे कागदावर रिपोर्ट "बिघडला". आणि माणूस? सकाळी डोकं दुखत नाही, बनियन कोरडी, आई म्हणते बडबड थांबली, आणि परत सायकल काढून मार्केट यार्डला जायला लागलेत. रिपोर्ट जरा वाईट झाला आणि माणूस सुधारला, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आता दुसरी बाजू. अॅपमध्ये शेअरिंग असतं, म्हणजे आप्पांचा आकडा माझ्या फोनवर. दुपारी सव्वाचारला २४० दिसले की मी मीटिंग सोडून फोन.

"आप्पा, काय खाल्लंत?"
"कुठं काय, चहा."
"नुसता चहा?"
"...खारी होती. एक."
"एकच?"
"अगं, सर्व्हिसमध्ये लाइन चेकिंगवाला गाडीत चढायचा तेव्हा पण एवढं विचारायचा नाही."

मग ते फोन घरी ठेवून कट्ट्यावर जायला लागले. ब्लूटूथ तुटलं, ग्राफमध्ये रिकामी जागा, मला वाटलं नेटवर्क. पण सेन्सरमध्ये मागचे आकडे साठलेले असतात, घरी येऊन फोनजवळ बसले की रिकामी जागा भरून निघते, संध्याकाळी सगळी खारी माझ्या स्क्रीनवर. त्यांना हे कळलं तेव्हा दोन दिवस अबोला. आणि मला वाटतं त्यांचं चूक नव्हतं. ७१ वर्षांचा माणूस, त्याच्या रक्तात काय चाललंय हे लेकीला कामाच्या ठिकाणी बसून दिसावं, जावयाला दिसावं, आणि प्रत्येक घासाला जाब द्यावा लागावा, हे कुठल्याच माहितीपुस्तकात साइड इफेक्ट म्हणून लिहिलेलं नसतं. आम्ही नंतर असं ठरवलं की मला फक्त ७० च्या खालचा अलार्म येईल, वरचा त्यांचा त्यांच्याजवळ. अॅपमध्ये अशी सोय असते, शोधावी लागते. ज्यांचे आईवडील गावी आहेत आणि मुलं पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत, त्यांनी हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं.

तक्रारी. एक, गोळी बदलल्यावर दुसरा सेन्सर लावला तो मुदतीच्या बराच आधी "सेन्सर बदला" म्हणून बंद पडला. कस्टमर केअरला फोन केला तर डब्यावरचा नंबर, सेन्सरचा फोटो, बिल, कधी लावला, अंघोळ गरम पाण्यानं करता का, सगळं विचारून झालं आणि बदली मिळायला जो वेळ लागला त्यात दोन सेन्सर संपले असते. मिळाला, पण इतका मनस्ताप. त्यामुळं डबा आणि बिल फेकू नका. दोन, अॅप इंग्रजीत. तीन, उन्हाळ्यात घामानं कडा सुटतात, वरून मायक्रोपोर किंवा खेळाडू लावतात तसली टेप लावावी लागते, त्यानं आप्पांना खाज आली. चार, काही मॉडेलमध्ये व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वर दाखवतो, तर पत्रक नीट वाचा, दुकानदाराला हे माहीत असेलच असं नाही. एमआरआयला जाताना काढायला सांगतात, मग तो गेला तो गेलाच, परत लावता येत नाही.

आणि सगळ्यात मोठी तक्रार किंमत. आम्हाला पाच हजाराच्या आत-बाहेर पडला. वर्षभर लावायचा तर सव्वीस सेन्सर, सव्वा लाखाच्या पुढं. आप्पांची ईपीएसची पेन्शन महिन्याला एका सेन्सरएवढीही नाही. बत्तीस वर्षं तिकिटं फाडून. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, बाहेरचा खर्च. इंग्लंडमध्ये २०२२ पासून टाइप वनच्या सगळ्या मोठ्या पेशंटना सेन्सर सरकारी आरोग्यसेवेतून द्यावा असं धोरण आहे, आणि आपल्याकडं टाइप वनची लहान पोरं आहेत, ज्यांना दिवसातून चारदा इन्सुलिन लागतं, त्यांचे आईबाप स्ट्रिपा मोजून वापरतात. त्या पोरांना हे मशीन आप्पांपेक्षा कितीतरी जास्त गरजेचं आहे. इन्सुलिन १९२१ मध्ये टोरोंटोत सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा टोचलं, पहिल्या डोसला अॅलर्जी आली, औषध शुद्ध करून बारा दिवसांनी परत दिलं आणि पोरगं तरलं. शोधणाऱ्यांनी पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. शंभर वर्षांनी त्याच आजाराच्या एका बटणाला पाच हजार.

मगाशी म्हटलं ते बारीक माणसाला शुगर का. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २२.३, अगदी सारखा, आणि अंगातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बाहेरून दोघे सडपातळच. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांच्या टीमनं बाळंही मोजली, सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडची साडेतीन किलोची, पण आपल्या बाळांमध्ये वजन कमी आणि त्या मानानं चरबी जास्त. म्हणजे आप्पांची शुगर कदाचित आजीच्या पोटात असतानाच ठरत होती, त्या दुष्काळी वर्षांत. देशात दहा कोटी दहा लाख लोकांना डायबेटीस आणि साडेतेरा कोटीच्या वर लोक उंबरठ्यावर, असा आयसीएमआरच्या पाहणीचा आकडा २०२३ मध्ये आला. त्यात आप्पांसारखे काटकुळे भरपूर असणार. हे काम सेन्सरइतकं चमकदार नाही, त्याचं अॅप नाही, पण उद्याचा डायबेटीस कमी करायचा असेल तर गर्भार पोरींच्या ताटात काय आहे हे बघणं मला जास्त मोठी प्रगती वाटते.

पुढं काय येणार हे विचारणारे बरेच असतात म्हणून थोडं. सेन्सर आणि इन्सुलिन पंप एकमेकांशी बोलून डोस आपोआप कमीजास्त करतात अशा मशीनला अमेरिकेत पहिली परवानगी २०१६ मध्येच मिळाली, आणि त्याच्याही आधी तिथल्या पेशंटनी आणि आईबापांनी "आम्ही वाट बघत बसणार नाही" म्हणत घरी कोड लिहून ते जमवलं होतं. आठवड्यातून एकदा घ्यायचं इन्सुलिन युरोपात २०२४ मध्ये मंजूर झालं. आणि खरी मोठी बातमी २०२५ ची, प्रयोगशाळेत मूळपेशींपासून बनवलेल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी टाइप वनच्या बारा जणांना पूर्ण डोसनं दिल्या, वर्षानंतर त्यातल्या दहा जणांना बाहेरून इन्सुलिन लागत नव्हतं. बारा जण. आणि शरीरानं त्या पेशी मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागतात, ती काही साधी औषधं नाहीत. तर व्हॉट्सअॅपवर "इंजेक्शनपासून कायमची सुटका" आलं तर फॉरवर्ड करायच्या आधी हे बघा. आणि ते न टोचता शुगर सांगणारं घड्याळ, ऑनलाइन दोन-तीन हजाराला मिळतं, ते अजिबात घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि मेडिकल मशीन मंजूर करणारी तिथली सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की असं कुठलंही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. आमच्या शेजारच्या काकांनी घेतलंय, ते टेबलावर काढून ठेवलं तरी ११० दाखवतं.

घेणार असाल तर डॉक्टरांना आधी विचारा की ते ग्राफ बघणार आहेत का. नसतील बघणार तर घेऊ नका, कारण नुसते आकडे घरात येऊन भांडणंच होतात. लावायचा तो नेहमीच्या दिवसांत लावा, लग्न-प्रवासात नको. त्या चौदा दिवसांत शहाण्यासारखं खाऊ नका, रोजचंच खा, नाहीतर चांगला ग्राफ काढून कुणाला दाखवणार? काय खाल्लं, किती वाजता गोळी घेतली हे कॅलेंडरवर लिहा, आईनं महालक्ष्मीच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलं आणि डॉक्टरांना तेच सगळ्यात उपयोगी पडलं. आकडा आणि माणूस जुळत नसेल तर बोट टोचा, ग्लुकोमीटर फेकून देऊ नका.

पाचपैकी चार स्टार, एक कस्टमर केअर आणि किमतीसाठी कापला. पुढचा सेन्सर वर्षातून एकदा, गोळ्या बदलल्या की लावायचा असं ठरलंय. यंदाचा दिवाळीनंतर, दिवाळीत नको असं आप्पांनी आधीच बजावून ठेवलंय.